बॉबीला कुणी विचारलं?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटाने वस्तीतल्या किशोरींचे तीन दिवसांचे शिबिर घेतले. पाळी, आहार, कायदा, शाळेच्या वाटेवरची छेडछाड हे नेहमीचे विषय होतेच. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ 'प्रेम' या विषयासाठी राखून ठेवली होती. पण विषय काढायचा कसा, हे आम्हा चौघी कार्यकर्त्यांपैकी एकीलाही सुचेना. हुंड्यावर, दारूवर, मारहाणीवर आम्ही दोन-दोन तास बोलू शकतो. प्रेमाचे नाव काढले की आमचीच जीभ जड होते. शेवटी आमच्यातली सगळ्यात वडील मैत्रीण म्हणाली, "आपण ज्या वयात ज्या सिनेमाने वेड्या झालो, तोच दाखवू की." ती १९७३ साली आठवीत होती. 'बॉबी' बघून आल्यावर तिने ठिपक्याठिपक्यांच्या कापडाचा, पोटावर गाठ मारायचा ब्लाऊज शिवून घेतला आणि त्यापायी आईच्या हातचा मार खाल्ला.

मग बालवाडीच्या भिंतीवर 'बॉबी' लावला. बावीस-तेवीस मुली, तेरा ते सतरा वयाच्या. सुरुवातीला हसल्या. नायकाची बेलबॉटम, मोटारसायकल, केसांची ठेवण, सगळ्यालाच हसल्या. पाऊण तासाने मात्र कुणी हसत नव्हते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राज हा मुंबईतल्या धनाढ्य हिंदू घरातला एकुलता एक मुलगा, वसतिगृहातून शिकून परत आलेला. बॉबी ब्रगांझा ही गोव्याच्या ख्रिस्ती मच्छीमाराची मुलगी. तिच्या आजीने राजला लहानपणी सांभाळलेले. ही आजी झाली आहे आपली दुर्गा खोटे. दोघांचे प्रेम जमते. मुलीचा बाप जॅक सरळ मनाने सोयरिकीची बोलणी करायला जातो, तर मुलाचा बाप त्याला म्हणतो, पोरीचे रूप दाखवून माझ्या मुलाला गळाला लावलेस. आणि प्रकरण मिटवायला पैसे पुढे करतो. दोन्ही घरांची दारे बंद होतात. मुले पळतात, मुलाच्या बापाने लावलेल्या बक्षिसाच्या लोभाने गुंड मागे लागतात, आणि शेवटी दोघे धबधब्यात उडी घेतात. दोघांचे बापही मागोमाग उडी घेतात. राजला बॉबीचा बाप वाचवतो, बॉबीला राजचा. मने विरघळतात, चित्रपट संपतो.

राज कपूरने हा चित्रपट काढला तो 'मेरा नाम जोकर' पडल्यावर, डोक्यावर कर्ज असताना. लिहिला ख्वाजा अहमद अब्बास आणि आपल्या व्ही. पी. साठ्यांनी. गाणी गल्लोगल्ली वाजली, मोटारसायकलला 'बॉबी' नाव पडले, केसांच्या चापांना पडले. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीत विरोधी पक्षांची मोठी सभा होती, त्या संध्याकाळी दूरदर्शनने हाच सिनेमा लावला. लोक घरात बसावेत म्हणून लावला, असे तेव्हापासून बोलले जाते. लोक सभेला गेले ते गेलेच. पण सरकारच्या हाताशी लोकांना घरात धरून ठेवणारी एवढी एकच गोष्ट होती, हेही खरेच.

तर एवढ्या लोकांनी मनाशी धरलेल्या या गोष्टीत प्रेम म्हणजे नक्की काय दाखवले आहे?

चांगले आधी सांगते. त्या काळच्या हिंदी सिनेमात नायिका पंचविशीची असायची आणि लाजून पदर चावायची. बॉबी सोळाची आहे, सोळाची दिसते, मोठ्याने हसते, लायब्ररीत जाते, राजच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलते. वेगळा धर्म आणि गरीब घर म्हणून ती कुठे मान खाली घालत नाही. तिचा बाप पैशाची गड्डी तोंडावर फेकतो तेव्हा आमच्या वस्तीतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापाने ताठ मानेने उभे राहावे, हे सिनेमात तरी किती वेळा दिसते?

आता दुसरी बाजू. आमच्या शिबिरात एक मुलगी होती, नगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. तिला शेजारच्या मुलीने विचारले, "तुमच्यात चालतात का गं असले कपडे?" ती फणकाऱ्याने म्हणाली, "आमच्यात ओढणी घेतल्याशिवाय चर्चमध्ये जाऊ देत नाहीत." पडद्यावर मुलीचे अंग दाखवायचे असले की मुलगी ख्रिस्ती करायची, म्हणजे 'आपल्या' मुलींचे शील शाबूत राहते, ही हिंदी सिनेमाची जुनी सोय आहे. दोन वर्षांनी आलेल्या 'ज्यूली'तही तीच सोय. गोवा म्हणजे दारू, नाच आणि उघडे पाय. दोन संस्कृतींची भेट म्हणतात ती ही अशी. एक संस्कृती पाहणारी, दुसरी पाहिली जाणारी. पोहण्याच्या तलावाच्या दृश्यात कॅमेरा ज्या नजरेने त्या पोरसवदा मुलीकडे बघतो, ती नजर राजची नाही. ती थिएटरात बसलेल्या चाळिशीच्या पुरुषाची आहे.

मग ते माहेरी जाण्याचे गाणे. अजूनही लग्नाच्या वरातीत वाजते, बायकाच त्यावर नाचतात, मीही नाचले आहे. ती म्हणते, मी माहेरी निघून जाईन. तो म्हणतो, मी काठी घेऊन येईन. ती पुन्हा म्हणते, माहेरी जाईन. तो म्हणतो, मी दुसरे लग्न करीन. ठेका असा की पाय थांबत नाहीत. भिंतीवर गाणे सुरू झाले तशा सगळ्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या. संपल्यावर चौदा वर्षांची एक मुलगी, जिच्या आईला आम्ही दोनदा दवाखान्यात नेले आहे, हळूच म्हणाली, "ताई, हे तर आमच्या घरातलंच बोलणं आहे." लग्नाआधीच्या लाडात काठी आणि सवत दोन्ही येऊन गेली आणि कुणाला त्याचे काही वाटले नाही.

आणखी एक मुलगी या सिनेमात आहे, तिची आठवण कुणी काढत नाही. धंद्यातल्या फायद्यासाठी राजचा बाप त्याचे लग्न ज्या श्रीमंताच्या मुलीशी ठरवतो, ती मतिमंद आहे. तिच्यावर हसायचे असते. तिच्या बापाने तिचा सौदा केला, राजच्या बापाने तो पत्करला, आणि प्रेक्षकांनी तिला हसून राजची कीव केली. आमच्याही शिबिरात हसू आलेच. मी थांबवले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, थांबवायला हवे होते.

सिनेमा संपल्यावर मुली गप्प. मग एकेक प्रश्न यायला लागला. "बॉबी पुढं शिकली का?" "राहायला कुणाच्या घरी गेली?" "सासूनं त्रास दिला का?" आणि शेवटी, कोपऱ्यात बसलेल्या एकीचा: "ताई, ती पळून गेल्यावर तिला वाटलं असतं, की नको, मला घरी जायचंय, तर?"

या प्रश्नापाशी मी अडकले आहे. कारण 'बॉबी'त या प्रश्नाला जागाच नाही. बॉबीला राज आवडला, इथपर्यंत तिची इच्छा दाखवली. त्यानंतरची सगळी कथा दोन बापांची आहे. अपमान बापांचा, राग बापांचा, पोलीस बापांनी आणलेले, पाण्यात उडी घेऊन पश्चात्ताप बापांचा. शेवटी एक बाप दुसऱ्याच्या मुलीला हाताने बाहेर काढतो आणि सून म्हणून पत्करतो. देवघेव पुरी झाली. मुलीने मरायची तयारी दाखवली तेव्हा कुठे तिचे म्हणणे खरे मानले गेले.

पडद्याबाहेरची हकीकत तर आणखी बोलकी आहे. बॉबी झालेल्या डिंपल कापडियाचे लग्न मार्च १९७३ मध्ये त्या काळच्या सगळ्यात लोकप्रिय नटाशी झाले. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, तो तिशीचा. चित्रपट लागला सप्टेंबरमध्ये. देशभरातल्या मुली जिच्यासारखे कपडे शिवत होत्या, ती तोवर संसाराला लागली होती, आणि वर्ष संपायच्या आत आई झाली. पारितोषिके मिळाली, पण दुसरा चित्रपट तिने केला नाही. ती परत आली ते १९८४ साली, वेगळी राहू लागल्यावर, दोन मुलींची आई होऊन. आणि योगायोग असा की १९८५ च्या 'सागर'मध्ये पुन्हा ऋषी कपूरसमोर, पुन्हा गोव्याकडची ख्रिस्ती मुलगी म्हणून.

कुणी म्हणेल, पंधराव्या वर्षी लग्न? कायदा कुठे होता? कायदा होता, आणि त्याप्रमाणेच ते होते. १९७३ साली हिंदू विवाह कायद्याप्रमाणे मुलगी पंधरा वर्षांची झाली की पालकांच्या संमतीने तिचे लग्न लावता येत असे. मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस ही अट १९७८ च्या दुरुस्तीने आली. मात्र दोन धर्मांच्या मुलामुलींना धर्म न बदलता लग्न करायचे तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, आणि त्यात पहिल्यापासूनच अठरा-एकवीसची अट. शिवाय तीस दिवसांची नोटीस. जोडीतले एक जण ख्रिस्ती असेल तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानेही लग्न लागते, पण तिथे एकवीस वर्षांखाली बापाची परवानगी हवी. म्हणजे काय झाले बघा. सोळा वर्षांच्या मुलीला बाप देऊ शकत होता. तिने स्वतः होऊन दुसऱ्या धर्मात निवड करायची तर ती लहान होती. एकच मुलगी, एकच वय. देणारा कोण त्यावर ती मोठी की लहान ते ठरणार!

हा घोळ नवा नाही. रखमाबाईंनी अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न मानायला नकार दिला आणि १८८४ पासून चार वर्षे तो खटला गाजला. त्यापाठोपाठ १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, दहाचे बारा झाले, आणि पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत विद्वान पुरुषांनी रकानेच्या रकाने लिहिले. वयावर लिहिले, धर्मावर लिहिले, शरीरावर लिहिले. मुलीला काय वाटते हे स्वतः होऊन लिहिणारी रखमाबाईच, तीही 'हिंदू लेडी' या टोपणनावाने.

सिनेमाकडे परत येते. 'बॉबी'नंतर आठ वर्षांनी, १९८१ मध्ये 'एक दूजे के लिए' आला. के. बालचंदर यांनी आपलाच तेलुगू 'मरो चरित्र' (१९७८) हिंदीत केला. पुन्हा गोवा. या वेळी तामीळ मुलगा आणि हिंदी बोलणारी मुलगी, शेजारी शेजारी राहणारी. दोन्ही घरांनी अट घातली, वर्षभर भेटायचे नाही, पत्रही नाही, मग बघू. हा मुलगा त्या वर्षात हिंदी शिकतो. मुलगी काय करते? वाट बघते. आई तिच्या देखत त्याचा फोटो जाळते, तर ती राख चहात ढवळून पिते. आई झाली आहे शुभा खोटे. आमच्या पिढीला ते दृश्य प्रेमाची कमाल वाटले होते. आज बघताना अंगावर काटा येतो, पण वेगळ्या कारणाने: त्या मुलीला घरात दुसरे काही करता येण्यासारखे राहिलेलेच नव्हते. पुढे वर्ष संपते, भेट व्हायच्या दिवशीच तिच्यावर बलात्कार होतो, त्याच्यावर गुंडांचा हल्ला होतो, आणि दोघे कड्यावरून समुद्रात. बलात्कार झालेली नायिका जगवायची कशी हे तेव्हाच्या सिनेमाला माहीत नव्हते, कड्यावरून ढकलून देणे सोपे. या चित्रपटानंतर प्रेमी जोडप्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, त्यावर चर्चा झाली. चर्चा 'सिनेमाने पोरे बिघडतात' एवढ्यावरच थांबली. पोरांना मरणाइतकी दुसरी वाट मोकळी का नव्हती, यावर आम्हीही फारसे लिहिले नाही.

आणि आता आमच्याबद्दल लिहिते. हे लिहायला मला दोन वर्षे लागली.

आमच्या गटात बरीच वर्षे काम करणारी एक बाई आहे. धुण्याभांड्याची कामे करते, मोर्चात सगळ्यांत पुढे असते. तिची साडेसतरा वर्षांची मुलगी एका संध्याकाळी दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर निघून गेली. आई रडत आमच्याकडे आली. आम्ही तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेलो, तक्रार लिहायला मदत केली. मुलगी अठराच्या आतली, त्यामुळे पळवून नेल्याचा गुन्हा, आणि वर लैंगिक अत्याचारापासून बालकांना वाचवणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे कलम. दहा-बारा दिवसांनी दोघे सापडले. मुलगा कोठडीत, मुलगी सरकारी बालगृहात. तिला भेटायला आम्ही गेलो तेव्हा आईला पुढे बसवले, आम्ही मागे. समजुतीचे चार शब्द बोललो, कायदा सांगितला, शिक्षणाचे महत्त्व सांगितले. ती एक शब्द बोलली नाही.

बरीच महिन्यांनी, एका दुपारी ती आमच्या कार्यालयात एकटी आली. चहा घेतला. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्या आईच्या मैत्रिणी होतात. माझी कुणीच नव्हती."

त्या दिवशी तिने सांगितले ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते. मे महिन्यात तिचे लग्न मामाच्या गावी ठरवले होते. नाही म्हणून तिने तीनदा सांगितले, कुणी कान दिला नाही. आमच्या मोर्चात पुढे असणाऱ्या आईनेही नाही. तो मुलगा शिकवणीच्या वाटेवरचा, ओळखीचा, बरा. "पळून गेले नसते तर मेमध्ये लग्न झालं असतं. दुसरं कुठं जाणार होते? त्याच्यावर प्रेम होतं का, ते मला अजून ठरवायचं होतं."

ते तिला अजून ठरवायचे होते! तिच्या बापाने 'पळवून नेली' म्हटले, वस्तीतल्या टोळक्यांनी धर्माचे नाव काढून घोषणा दिल्या, मुलाच्या मित्रांनी 'खरे प्रेम' म्हटले, पोलिसांनी 'पीडिता' लिहिले, आणि आम्ही 'अजाण' म्हटले. पाचही जणांनी तिच्या वतीने ठरवून टाकले. वास्तविक ती एका लग्नाला नाही म्हणत होती, आणि नाही म्हणायला तिच्याजवळ दुसऱ्याच्या मोटारसायकलीशिवाय काही साधन नव्हते.

'बॉबी' पुन्हा बघताना मला म्हणून ती मोटारसायकल खटकली. ती चालवतो राज. बॉबी मागे बसते.

मैत्रिणींनो, मला माहीत आहे, यावर आपल्या गटांत एकमत नाही. काहीजणी म्हणतात, संमतीचे वय पुन्हा सोळावर आणावे, २०१२ पर्यंत ते सोळाच होते. काहीजणी म्हणतात, तसे केले तर वस्तीतल्या मोठ्या पुरुषांना आणि घरातल्याच नराधमांना मोकळे रान मिळेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात वय कमी करू नये असे सांगितले, मात्र सोळा ते अठराच्या मुलामुलींमधल्या संमतीच्या संबंधांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना थोडी मोकळीक द्यावी असेही सुचवले. मुलींच्या लग्नाचे वय एकवीस करण्याचे विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत आले, ते लोकसभेची मुदत संपल्यावर २०२४ मध्ये बारगळले. माझ्या मते ते बारगळले हे बरे झाले. मुलीने वीस वर्षांची होऊन निवड केली तरी बापाला पोलिसांत जायला आणखी एक दार उघडले असते. सज्ञान स्त्री-पुरुषांच्या लग्नाला घरच्यांची, जातीची, समाजाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. त्यानंतर चार वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, आपल्या राज्य सरकारने आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुली आणि त्यांचे माहेर यांच्या 'समन्वया'साठी समिती नेमली. तिच्यासाठी काळजी, पाळतही तिच्यावरच. जातीत लग्न होऊन मार खाणाऱ्या मुलीच्या माहेरची चौकशी करायला अशी समिती कुणी नेमल्याचे ऐकले आहे?

कायद्याची भांडणे आपण भांडूच. पण सतरा वर्षांच्या मुलीला न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. मे महिना त्याआधी येतो. तेव्हा 'मला हे लग्न नको' किंवा 'हा मुलगा आवडतो पण खात्री नाही' किंवा 'आवडत होता, आता भीती वाटते' हे ती कुणाजवळ बोलणार? आपल्या बहुतेक गटांत आया आहेत. मुली येतात त्या आयांचे बोट धरून.

शिबिरानंतर आम्ही दर शनिवारी दुपारी फक्त मुलींची बैठक सुरू केली. आयांनी यायचे नाही, आणि तिथे झालेले बोलणे आयांना सांगायचे नाही, अशी अट आहे. यावरून आमच्याच दोन सभासद रुसल्या. एकीने मुलीला पाठवणे बंद केले. जीव धोक्यात असेल किंवा मोठ्या माणसाने अत्याचार केला असेल तर गप्प बसता येणार नाही, कायद्यानेही नाही, हे मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकले. त्यावर एकीने विचारले, "मग आम्ही कितपत सांगायचं?" आमच्याकडे अजून धड उत्तर नाही. पहिल्या शनिवारी चौघीच आल्या. तिसऱ्या शनिवारी अकरा होत्या. वर जिची हकीकत सांगितली ती मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, नर्सिंगचा कोर्स करते आणि महिन्यातून एकदा बैठक तीच घेते. ही हकीकत छापायला तिने होकार दिला. आधी मजकूर वाचून दोन वाक्ये काढायला लावली, ती काढली आहेत.

तुमच्या गटात मुलींसाठी असे काही चालत असेल, चालवून बंद पडले असेल, किंवा त्यावरून आपापसात भांडण झाले असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. मुलींनी स्वतः लिहिले तर फारच छान. नाव, गाव काहीच छापणार नाही. पत्र कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटावर 'शनिवार' एवढेच लिहा.